उजवा कान की उजवा दरवाजा?

वीकेंडला नागपूरहून वर्ध्याला घरी गेलो की बाबांसोबत पवनारपर्यंत एक चक्कर ठरलेली. गाडी त्यांची, जुनी, स्टिअरिंगही त्यांचंच. 'आवाज डावीकडूनच येतो रे,' ते सारखे म्हणायचे. आम्ही परस्पर निदान केलं: बाबांचा उजवा कान गेला! ईएनटीची अपॉइंटमेंटसुद्धा घेतली.

मग एकदा मी स्टिअरिंगवर बसलो. बॅलन्स पूर्ण उजवीकडे फिरवला आणि गाणंच गायब!

लगेच नवे स्पीकर घ्यायला निघालो, तर वर्ध्यातल्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांनी अडवलं. 'फेकता काहून जी? आधी वायर पाहू.' दरवाजाचं पॅनल उघडून त्यांनी स्पीकरच्या वायरी सोडवल्या, टर्मिनलला पेन्सिल सेल क्षणभर टेकवला. टक्! मीटरवरही 4 ओहमच्या स्पीकरचं रीडिंग 3 ते 4 च्या दरम्यान. म्हणजे कॉइल शाबूत. दुखणं निघालं दार आणि बॉडीमधल्या रबरी नळीत. दार हजारदा उघडबंद होऊन वायर आतल्या आत तुटली होती. नवा तुकडा टाकला, काम फत्ते!

ॲक्सिलरेटरबरोबर शिट्टी चढत असेल तर आधी अर्थिंग बघा, हेही काकांनीच सांगितलं. खरखर फक्त रेडिओवर, पेन ड्राइव्हवर नाही? मग एरियल. अर्थात 75 किलोमीटरवरच्या नागपूरचं एफएम इथे विरणारच, त्याला गॅरेजमध्ये इलाज नाही.

अपॉइंटमेंट रद्द केली. बाबांना सॉरी म्हटलं, तर म्हणाले, 'इतक्या जोरानं काहून ओरडतोस?'