पुढचा टायर वेगळा, मागचा वेगळा

पुण्यातून पहाटे सिंहगडाच्या बाजूला निघालेली सायकल दोन-तीन तासांत किती प्रकारच्या जमिनीवरून जाते, याची नुसती उजळणी केली तरी टायरचा प्रश्न का अवघड आहे ते कळतं. आधी शहरातलं सिमेंट, मग डांबर, धरण मागे पडलं की डांबराची उखडलेली कड, आत वळलं की शेतातली पाणंद, चढावर सुटा मुरूम आणि वर उघडा कातळ. पावसाळ्यात त्याच पाणंदीत चिखल आणि त्याच कातळावर शेवाळ. माउंटन बाइकचे टायर बदलायला गेलेला माणूस दुकानात विचारतो, ‘सगळीकडे चालेल असा एक टायर द्या.’ माझं मत असं, की एक टायर शोधूच नये. जोडी शोधावी, आणि त्या जोडीतले दोन्ही टायर वेगळे असावेत.

कारण दोन चाकांची कामंच वेगळी आहेत. पुढचं चाक दिशा देतं आणि ब्रेक दाबला की भार त्याच्यावर येतो. मागचं चाक सायकल ढकलतं आणि बसलेल्या माणसाचं जास्त वजन तेच पेलतं. उतारावर मागचं चाक घसरलं तर बहुतेक वेळा माणूस सावरतो. पुढचं घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही, खांदा थेट जमिनीवर येतो. म्हणून पुढे रुंद, उंच आणि सुट्या ठोकळ्यांचा, मऊ रबराचा टायर घ्यावा. मागे त्याहून किंचित अरुंद, मधली नक्षी ठेंगणी आणि दाट असलेला, रबर थोडं कडक असलेला. वजन मागे जास्त असल्यामुळे डांबरावर वाया जाणारी ताकद मागच्या टायरमध्येच जास्त जाते, आणि मागचा टायर झिजतोही लवकर.

आकड्यांत सांगायचं तर पुढे २.३५ इंच आणि मागे २.२५, किंवा पुढे २.२५ आणि मागे २.१, अशी जोडी आपल्या मिश्र वाटांना पुरते. मात्र खरेदीला जाताना टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत छापलेले दोन आकडे टिपून न्या, उदाहरणार्थ ५७-६२२. पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास. २६ इंची चाकाला तो ५५९ असतो, २७.५ ला ५८४, २९ ला ६२२. हा दुसरा आकडा जुळला नाही तर टायर बसणारच नाही. रुंद टायर घेण्याआधी फ्रेम आणि टायर यांच्यात किती फट उरेल तेही बघा. दोन्ही बाजूंना बोट जाईल इतकी जागा नसेल, तर पहिल्याच चिखलात चाक अडकतं.

नक्षी हातात घेऊन बघावी. मधल्या रांगेतला एखादा ठोकळा अंगठ्याने आडवा ढकलून पाहा. उंच आणि सुटा ठोकळा सहज वाकतो. तोच मातीत रुततो आणि पकड देतो, पण डांबरावर वळताना वाकल्यामुळे सायकल डळमळल्यासारखी वाटते. श्वाल्बेच्या स्मार्ट सॅममध्ये मधली नक्षी जवळजवळ सलग पट्टीसारखी आहे, त्यामुळे निम्म्याहून जास्त अंतर डांबरावर कापणाऱ्याला तो मागे चांगला. व्हिटोरियाच्या मेझकालचे ठोकळे छोटे आणि दाट आहेत. सुक्या, टणक जमिनीवर तो मागे शोभतो. पुढे श्वाल्बेच्या नॉबी निकसारखा मोकळ्या नक्षीचा टायर घ्यावा. पुढचा एका कंपनीचा आणि मागचा दुसऱ्या कंपनीचा असला तरी काही बिघडत नाही.

दोन ठिकाणी मात्र नक्षीचा इलाज चालत नाही. शेवाळलेल्या कातळात ठोकळे रुतूच शकत नाहीत. तिथे मऊ रबर आणि कमी हवा यांचाच काय तो आधार. आणि मराठवाडा-विदर्भातली काळी माती ओली असेल तर कुठलाच टायर घेऊ नका, कारण ती कुठल्याही नक्षीत गच्च बसते आणि चार फेऱ्यांत चाक जाम करते. एक-दोन दिवस ऊन पडू द्या, मग जा.

हवेबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण महागडा टायर घेऊन त्यात दगडासारखी हवा भरणारे खूप दिसतात. माउंटन बाइकचा जन्मच फुगीर टायरमधून झाला. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात डोंगरउताराच्या ‘रिपॅक’ शर्यती सुरू झाल्या, तेव्हा तिथल्या पोरांनी जुन्या, जाड टायरच्या श्विन सायकली वापरल्या होत्या. जाड टायरचा फायदा कमी दाबातच मिळतो. ४५ पीएसआयवर टायर खडीच्या प्रत्येक दाण्यावरून उडतो. दरवेळी सायकल आणि माणूस दोघंही वर उचलले जातात आणि ती ताकद तुमच्या पायांतून जाते. २८ वर तोच टायर खड्याभोवती दबतो, जमीन सोडत नाही. खडबडीत वाटेवर कमी हवेचा टायर आरामदायक असतो, तसाच वेगवानही असतो.

टायरच्या बाजूवर छापलेला कमाल दाब ही मर्यादा आहे, शिफारस नव्हे. ७० किलोच्या माणसाने २.२५ च्या टायरमध्ये ट्यूब असेल तर मातीसाठी पुढे २८ आणि मागे ३२ पासून सुरुवात करावी. ट्यूबलेस असेल तर पुढे २३, मागे २६. दिवसभर डांबरावरच जायचं असेल तर आठ-दहा पीएसआय वाढवावेत. पंक्चर काढताना ट्यूबवर दोन समांतर छिद्रं दिसली, तर ती दगड आणि रिम यांच्यात चिमटली होती, म्हणजे हवा कमी पडली. मग दोन पीएसआय वाढवून बघा. पेट्रोल पंपावरची हवा झपकन भरते, तिथे इतका नेमका दाब साधत नाही. काटा असलेला उभा पंप घरी हवाच.

राहिले काटे. पाऊस संपून गवत वाळलं की पाणंदीच्या कडेला सराटे आणि बाभळीचे काटे पसरलेले असतात, आणि ट्यूबवाल्यांचे हाल होतात. रिम चालणारी असेल तर ट्यूबलेस करून आत सीलंट भरावं. चाक फिरता फिरता ते सराट्याचं छिद्र बुजवतं. आपल्या उन्हात ते लवकर सुकतं, तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी आत डोकावून पुन्हा भरावं.

दोन्ही टायर एकदम घेणं खिशाला झेपत नसेल, तर मागचा गोटा होईपर्यंत थांबा. मग पुढचा काढून मागे लावा आणि नवा टायर पुढे घाला. बाजूवरचा दिशेचा बाण बघून लावा.