काका म्हणजे नेमका कोण?

दखनी बोलणारं मूल ‘चाचा’ म्हणतं, ‘मामू’ म्हणतं, ‘खालू’ म्हणतं. तेलुगू घरातल्या मुलाचे ‘पेदनान्ना’ वेगळे, ‘बाबाय’ वेगळे आणि ‘मामय्या’ त्याहून वेगळे. हैदराबादच्या जांबागेतल्या मराठी घरात काका, मामा आणि मावशीचे यजमान ही तीन वेगळी माणसं असतात. पण हैदराबादच्या कोर्टात साक्ष इंग्रजीत उतरवली गेली, की ही सगळी मंडळी एका ‘अंकल’मध्ये जाऊन बसतात. शेजारचे गृहस्थ अंकल, वॉचमन अंकल, रिक्षावालाही अंकल. मग उलटतपासात बचावाचा वकील विचारतो, हा अंकल नेमका कोण?

प्रश्न वरवर साधा, पण त्यावर शिक्षा अवलंबून असते. पोक्सो कायद्याने रक्ताच्या, दत्तक किंवा लग्नाच्या नात्यातल्या माणसाने, किंवा एकाच घरात राहणाऱ्याने केलेला लैंगिक अत्याचार अधिक गंभीर गुन्हा ठरवला आहे. मूल नातं बरोबर सांगत असतं. ते हरवतं मुलाच्या तोंडापासून टंकलेखकाच्या बोटांपर्यंतच्या वाटेवर. तारखेचंही तसंच. मूल सांगतं, बतुकम्मा सणाच्या सुट्टीत. वकिलाला हवी असते तारीख आणि वार.

घरच्यांविरुद्ध बोलणारं मूल आपल्या न्यायव्यवस्थेत कसकसं ऐकलं गेलं, याचा मागोवा घ्यायला हैदराबाद ही चांगली जागा आहे. मराठी माणसाला तर हे कोर्ट परकं नाहीच. मराठवाडा १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि तिथली अपिलं मुसीकाठच्या त्या लाल दगडांच्या घुमटदार इमारतीतच यायची.

कायद्याने मुलाला कधीच गप्प बसवलं नव्हतं, ही यातली गंमत. १८७२च्या पुरावा कायद्यातलं ११८वं कलम वयाची अट घालत नव्हतं. प्रश्न समजतो का आणि सुसंगत उत्तर देता येतं का, एवढंच न्यायाधीशाने पाहायचं. म्हणून साक्षीआधी ते ठरावीक प्रश्न येतात: तुझं नाव काय, कितवीत आहेस, खोटं बोललं तर काय होतं? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक मुलं ‘देव शिक्षा करतो’ असं काहीतरी म्हणतील, असं मला वाटतं, आणि मोठ्यांनाही याहून चांगलं उत्तर सुचेल असं नाही. शपथविधीच्या १९६९च्या कायद्याप्रमाणे बारा वर्षांखालच्या मुलाला शपथेचा अर्थ कळत नसेल, तर शपथेवाचूनही साक्ष घेता येते.

त्याच्याही आधी, १९५१च्या डिसेंबरमध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ‘रामेश्वर विरुद्ध राजस्थान’ या खटल्यात हा प्रश्न सोडवला होता. मुलगी आठ वर्षांची. तिला शपथ दिलेली नव्हती. निकाल लिहिला न्या. व्हिव्हियन बोस यांनी. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेला हा माणूस. साक्ष ग्राह्य आहे, असं त्यांनी सांगितलं. पुष्टी हवीच असा कायदा नाही, मात्र सावधगिरी हवी, असंही सांगितलं. आणि पुष्टी म्हणून धरलं काय? मुलीने काही तासांत घरी जाऊन आईला सगळं सांगितलं होतं, हे.

तो निकाल पुढे असंख्य वेळा उद्धृत झाला. मला मात्र त्यातली आई विसरता येत नाही. गुन्हेगार बाहेरचा असला की मूल धावत आईकडे जातं आणि आई साक्षीला उभी राहते. गुन्हेगार बाप असेल, आजोबा असतील, मामा असेल, तेव्हा ही आई कुठे उभी असते? कधी मुलाच्या बाजूने, कधी मधोमध, आणि कधी ज्याच्या पगारावर चूल पेटते त्याच्या बाजूने. १९५१चा निकाल एका सरळ गोष्टीसाठी लिहिला गेला होता. घरातली गोष्ट सरळ नसते.

हैदराबादने हे देशाला दाखवलं ते १९९१च्या ऑगस्टमध्ये. हैदराबादहून दिल्लीला जाणाऱ्या विमानात अमृता अहलुवालिया या हवाई सुंदरीला एक लहान मुलगी रडताना दिसली. शेजारी साठीचा सौदी गृहस्थ बसलेला. मुलगी दहा-अकरा वर्षांची आणि त्या गृहस्थाशी तिचा निकाह लावलेला. दिल्लीत विमान उतरलं तेव्हा पोलीस हजर होते. त्या मुलीचं नाव तेव्हा देशभरच्या पहिल्या पानांवर फोटोसकट छापलं गेलं. आज तसं छापणं गुन्हा आहे, म्हणून इथेही ते नाही.

त्या प्रकरणात सगळं होतं: संसदेतला गदारोळ, अग्रलेख, धर्माचं राजकारण, गरिबीची कैफियत. मुलीला दिल्लीतल्या आश्रयगृहात ठेवलं. अहलुवालियांनी तिला वाढवायची तयारी दाखवली. वाद चालला तो ताब्याचा. तिला ज्यांनी त्या विमानात बसवलं, तेच आईबाप कोर्टात पालक म्हणून उभे होते, आणि शेवटी मुलगी त्यांच्याकडेच परत गेली. सौदी गृहस्थ जामिनावर सुटून देशाबाहेर निघून गेला. बापाला राक्षस ठरवणं सोपं होतं आणि अनेकांनी ते केलंही. पण मोठं कोडं पुढेच होतं. घरच्यांविरुद्धच्या प्रकरणात मूल सोडवल्यावर त्याने राहायचं कुठे? आश्रयगृहातलं मूल घरी जाऊ द्या म्हणून रडतं, आणि घरी गेलेलं मूल बोलायचं थांबतं.

पुढची काही वर्षं लढाई दिल्लीत झाली. एका केंद्रीय अधिकाऱ्यावर स्वतःच्या लहान मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप होता. १९९६मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बलात्काराची जुनी, अरुंद व्याख्या ताणायला नकार दिला. मग ‘साक्षी’ ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. विधी आयोगाने २००० साली १७२वा अहवाल दिला. २००४च्या मे महिन्यातल्या निकालात न्यायालयाने व्याख्या बदलली नाही, ते काम संसदेवर सोडलं. पण साक्षीची पद्धत बदलली. मुलाला आरोपी दिसू नये म्हणून पडदा लावा. उलटतपासाचे प्रश्न लिहून न्यायाधीशाकडे द्या आणि न्यायाधीशाने ते सोप्या भाषेत विचारावेत. मुलाला मधूनमधून विसावा द्या.

२००७मध्ये केंद्र सरकारने तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक अहवाल काढला. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं. अत्याचार करणारे निम्मे लोक ओळखीचे, विश्वासातले. घरात मार खाणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना मारणारे आईवडीलच होते. लैंगिक अत्याचाराच्या प्रमाणात आंध्र प्रदेश वरच्या राज्यांत होता, आणि हैदराबाद तेव्हा आंध्र प्रदेशातच होतं.

१४ नोव्हेंबर २०१२पासून पोक्सो लागू झाला. बालदिन मुद्दाम निवडला असावा. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हवा तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा. विश्वासाचं माणूस शेजारी बसवायचं. कामकाज बंद दाराआड चालवायचं. दखल घेतल्यापासून तीस दिवसांत साक्ष आणि वर्षाच्या आत खटला संपवायचा. कागदावर यात खोट काढायला जागा नाही. फक्त ‘घरी’ या शब्दावर माझी नजर अडते. जबाब घरी घ्यायची सोय ज्याने लिहिली, त्याच्या मनातलं घर सुरक्षित होतं.

आणि नुसत्या मारझोडीचं काय? डागणं, कोंडणं, उपाशी ठेवणं? २०००च्या बालन्याय कायद्यात ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्याला फार तर सहा महिने होते. २०१५च्या नव्या कायद्याने ती मर्यादा तीन वर्षांवर नेली. त्याच वर्षी जुलैमध्ये हैदराबादेत बाप आणि सावत्र आईच्या छळातून एकोणीस वर्षांच्या मुलीला सोडवण्यात आलं. वयाने ती मूल नव्हती, पण छळ बालपणापासूनचाच वाटावा असा होता. शेजारी आणि ‘बालल हक्कुल संघम’ ही मुलांच्या हक्कांसाठी झगडणारी संस्था यांच्यामुळे प्रकरण उजेडात आलं. मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव रुग्णालयात जाऊन भेटले आणि तिला लेक मानल्याचं जाहीर केलं. उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. तिथे तेव्हा कार्यकारी मुख्य न्यायाधीश होते दिलीप भोसले, महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री बाबासाहेब भोसले यांचे चिरंजीव. या प्रकरणात १९९१चं कोडं उलटं सुटलं: मुलगी त्या घरी परत गेली नाही. पण त्यासाठी मुख्यमंत्री आणि मुख्य न्यायाधीश दोघांना हलावं लागलं. बाकीच्या मुलांसाठी एवढी माणसं कुठून आणायची?

एक उत्तर हैदराबाद पोलिसांनी शोधलं. सैफाबादेत, पब्लिक गार्डनसमोर ‘हाका भवन’ आहे. मराठी कानाला हे नाव चटका लावतं. खरं तर ते शेतकी सहकारी संघाच्या इंग्रजी नावाचं आखूड रूप आहे. तिथे मे २०१६मध्ये ‘भरोसा’ केंद्र सुरू झालं. स्वाती लाक्रा यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी आधी महिलांच्या सुरक्षेसाठी ‘शी टीम्स’ उभ्या केल्या होत्या, त्यांचाच हा पुढचा टप्पा. पोलीस, डॉक्टर, समुपदेशक, वकील सगळे एका छताखाली. मुलाने तीच गोष्ट पाच ठिकाणी पाचदा सांगायची नाही. २०१८च्या एप्रिलमध्ये तिथेच बालस्नेही न्यायालय सुरू झालं. आरोपीला वेगळं दार, मुलाला वेगळं. मुलाच्या वाट पाहण्याच्या खोलीत खेळणी. पिंजरा नाही.

ज्याने नामपल्लीच्या फौजदारी कोर्टाच्या व्हरांड्यात कधी अर्धा दिवस काढला आहे, त्याला या दोन दारांची किंमत सांगावी लागणार नाही. त्या व्हरांड्यात सगळे एकाच जिन्याने चढतात: हातकडीतला आरोपी, त्याची बहीण, साक्षीला आलेलं मूल, झेरॉक्स घेऊन पळणारा कारकून. खटला पुकारायच्या आधी बाप मुलाकडे पाहून नुसतं हसला, तरी सरतपास संपल्यात जमा.

महाराष्ट्रानेही यात भर घातली, जरा आडवाटेने. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध बंडू’ या खटल्यात पीडिता बोलू-ऐकू न शकणारी आणि बौद्धिकदृष्ट्या अपंग होती. तिची साक्षच झाली नाही म्हणून उच्च न्यायालयात आरोपी सुटला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७मध्ये तो निकाल फिरवला आणि प्रत्येक उच्च न्यायालयाच्या हद्दीत असुरक्षित साक्षीदारांसाठी निदान दोन साक्षकेंद्रं उभारायला सांगितलं. चार वर्षांनीही बरीच केंद्रं कागदावरच, म्हणून जानेवारी २०२२मध्ये, पुन्हा महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, न्यायालयाला हेच परत सांगावं लागलं आणि न्या. गीता मित्तल यांची समिती नेमावी लागली.

खोल्या झाल्या, होत आहेत. पण फितुरी त्या खोलीत होत नाही. ती होते तक्रारीपासून साक्षीपर्यंतच्या महिन्यांत, जेवणाच्या ताटावर. आजी म्हणते, तुझ्यामुळे बाबा तुरुंगात. आई काहीच म्हणत नाही, नुसती रडते. भाडं थकतं. धाकट्याची फी राहते. मग एक दिवस मूल त्या सुंदर खोलीत, खेळण्यांच्या शेजारी बसून सांगतं, “तसं काही झालं नव्हतं.” सरकारी वकील त्याला फितूर जाहीर करतो. दहा वर्षांच्या पोराला फितूर! मराठीत हा शब्द किल्ल्याचा दरवाजा उघडून देणाऱ्यासाठी होता. मदतनीस व्यक्ती नेमायची सोय कायद्यात आहे. ऑगस्ट २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्याची पुन्हा आठवण करून दिली. मला विचाराल तर तो पडदा आणि ती खेळण्यांची खोली एका पारड्यात, आणि आठवड्याला एकदा घरी डोकावून मुलाची वास्तपुस्त करणारं एक माणूस दुसऱ्या पारड्यात. दुसरं जड भरेल.

उलट, मूल आरोपीच्या घरात राहिलं नाही, तर आक्षेप तयार असतो: पढवलेलं आहे. २००३च्या जुलैमध्ये मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यात एका सात वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांसमोर तिच्या आईचा खून झाला. आरोपी तिचा बाप. तिने कोर्टात जे पाहिलं ते सांगितलं. सत्र न्यायालयाने शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने २०१०मध्ये बापाला सोडलं: जबाब अठरा दिवस उशिरा घेतला होता, आणि मुलगी आईच्या नातलगांकडे राहत होती, म्हणजे पढवली गेली असण्याची शक्यता. फेब्रुवारी २०२५मध्ये न्या. पारडीवाला आणि न्या. मनोज मिश्रा यांनी तो निकाल फिरवला. साक्षीदाराला किमान वय नसतं आणि नातलगांकडे राहणं म्हणजे पढवलं जाणं नव्हे, असं त्यांनी लिहिलं. पुरावा कायद्याची जागा एव्हाना भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली होती आणि जुनं ११८वं कलम तिथे १२४वं झालं होतं; मजकूर जवळपास तोच. साक्षीच्या त्या पिंजऱ्यातली सात वर्षांची मुलगी तोवर तिशीला टेकली होती.