मोतीबिंदू काढला, आता आधारचं काय?

आजचा प्रश्न बऱ्याच घरांतला आहे. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता तिच्या डोळ्याचं स्कॅन जुळेल का? पेन्शन अडकेल का? बहुतेक वेळा जुळतं. कधी जुळत नाही, ते बघू.

आधी शब्दांचा घोळ सोडवू. 'बुबुळ' आपण कशालाही म्हणतो, नेत्रदानात तर कॉर्नियालाही. मशीन वाचतं ती आयरिस, म्हणजे काळ्या बाहुलीभोवतीचं रंगीत कडं. मोतीबिंदू होतो त्याच्या मागच्या भिंगात. त्यामुळे नुसतं भिंग बदलल्याने आयरिसची नक्षी बदलत नाही.

जॉन डॉगमन यांच्या पद्धतीत ही नक्षी २०४८ बिट्समध्ये साठवतात. दोन वेगळ्या डोळ्यांचे साधारण निम्मे बिट्स वेगळे निघतात. फरक एक तृतीयांशाच्या खाली असला की डोळा तोच मानतात. म्हणजे थोडं इकडेतिकडे चालतं.

खरी गोची होते त्याच्या आधी. सॉफ्टवेअरला आयरिसच्या आतल्या-बाहेरच्या कडा सापडायला हव्यात ना! तपासणीचे थेंब घातले की बाहुली काही तास मोठी राहते, आयरिसची बारीक पट्टीच उरते. हे तात्पुरतं. पण डोळ्याच्या आत सूज येऊन, म्हणजे युव्हायटिसमध्ये, आयरिस भिंगाला चिकटली तर बाहुली वेडीवाकडी होते. कॉर्नियावर फूल पडलं तर मागचं नीट दिसतच नाही. आणि ऑपरेशनमध्ये आयरिसलाच इजा झाली, तर नक्षी खरोखर बदलते.

काचबिंदूच्या लॅटानोप्रॉस्टसारख्या थेंबांनी आयरिसचा रंग गडद होऊ शकतो. त्याची फार काळजी नको, कॅमेरा इन्फ्रारेडवर चालतो आणि त्यात रंगद्रव्य फारसं आड येत नाही.

मग करायचं काय? डोळा पूर्ण बरा होऊ द्या, डॉक्टरांना विचारा, तरीही जुळत नसेल तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अपडेट करून घ्या. तोवर बोटांचे ठसे, ओटीपी किंवा चेहरा.

चेहऱ्याचीही अडचण आहेच. पापणी मिचकावा म्हणणारं केवायसी ॲसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्यांनी कसं करायचं? ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने डिजिटल सेवा मिळणं हा कलम २१ चाच भाग मानला आणि केवायसीत पर्याय द्यायला सांगितलं. काउंटरवर कुणी "मशीन घेत नाही" म्हणून परत पाठवलं, तर दुसरा पर्याय मागा.