तळ्याचं हिरवं पाणी

भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेल्या इथल्या मालगुजारी तलावांत ढीवर कुटुंबं आजही मासेमारी करतात. आता शेततळ्यांतही रोहू, कतला वाढवले जातात, पण लहान तळ्याचं पाणी लवकर बिघडतं. खाद्यातल्या नायट्रोजनचा साधारण तिसरा हिस्साच माशाच्या अंगी लागतो. उरलेला बहुतांश विष्ठेतून आणि कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन पाण्यात उतरतो, आणि अमोनिया साठला की मासे दगावतात.

सूक्ष्म शेवाळाचं मात्र तेच अन्न! उन्हात ते अमोनिया आणि फॉस्फरस शोषून घेतं, वर प्राणवायू सोडतं. सिल्व्हर कार्प हे शेवाळ गाळून खातो, म्हणजे घाणीचीच पुन्हा मासळी होते. पाणी हिरवं दिसलं म्हणून घाबरू नये, ते काम करतंय.

रात्री मात्र शेवाळही प्राणवायूच ओढतं. म्हणून फार दाट हिरव्या तळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. शेवाळ किती दाट आहे हे पाहायला यंत्र लागत नाही. हात कोपरापर्यंत बुडवा. तळवा तेव्हा दिसेनासा झाला, तर शेवाळ बेताचं. मनगट बुडताच दिसेनासा झाला, तर शेणखत आणि खाद्य थांबवा, ताजं पाणी सोडा.