मूत्रपिंडांवरच्या दोन टोप्या

कामठीच्या वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास पोहोचला, की उन्हाची सवय नसलेल्या पाहुण्याच्या सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग उमटतात. इथे मुरलेल्या माणसाचा घाम तुलनेने कमी खारट असतो. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या, जेमतेम चार-पाच ग्रॅम वजनाच्या अधिवृक्क ग्रंथींची ही किमया. त्यांतून स्रवणारे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक निसटू पाहणारे मीठ शरीरात राखून ठेवते.

याचा कच्चा माल कोणता? ज्याच्या धाकाने आपण आजोबांच्या वरणावरचे तूप काढून घेतो, ते कोलेस्टेरॉल! त्यातूनच कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन ही सारी स्टिरॉइड भावंडे घडतात. शरीर यांचा साठा करीत नाही. मागणी येईल तसे ती बनवते. कॉर्टिसॉल पहाटे सर्वाधिक, मध्यरात्री सर्वांत कमी असते. रक्तदाब व साखर सावरणारे हे संप्रेरक ताप, अस्थिभंग वा शस्त्रक्रिया यांच्या वेळी कितीतरी अधिक लागते आणि त्याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून सुटतो.

आता औषधांचा डबा उघडून पाहा. 1948 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या रुग्णेला कॉर्टिसोन दिले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. 1950 चे नोबेल पारितोषिक या संशोधनाला मिळाले. आज दमा, संधिवात यांसाठी दिले जाणारे प्रेडनिसोलोन त्याच कुळातले. मात्र ते काही आठवडे पोटात जात राहिले, की पीयूषिका हुकूम सोडणे थांबवते व अधिवृक्क ग्रंथी निजते. तिला जागे व्हायला कित्येक महिनेही लागतात.

अशा वेळी ‘आता बरे वाटते’ म्हणून आजींनी गोळी परस्पर बंद केली, तर गळाठा, उलट्या, भोवळ सुरू होते, रक्तदाब कोसळतो. मे महिन्यात घरचे म्हणतात, ऊन लागले. मग तळव्यांना कांद्याचा रस, पन्हे, आणि त्यात अनमोल तास निघून जातात. उपचार न मिळाल्यास हे जिवावर बेतते. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांतही कधीकधी स्टिरॉइड मिसळलेले असते. पुडीने जादू केली आणि चेहरा गोल होऊ लागला, तर शंका घ्यावी व तीही पुडी एकाएकी न थांबवता डॉक्टरांना दाखवावी.

गोळी कमी करायची ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, पायरीपायरीने. उलट्यांमुळे ती पोटात ठरत नसेल, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे, आणि दाराशीच सांगावे : यांना स्टिरॉइड चालू होते.