गेमिंग पीसीचे भाग जुळवताना

गेमिंग पीसी पहिल्यांदाच घरी जोडणार असाल, तर आधी प्रोसेसर ठरवा. बाकीचे बरेचसे भाग त्यावरून ठरतात. रायझन ५ ७६०० घेतला, तर मदरबोर्ड एएम५ सॉकेटचाच लागतो आणि रॅम डीडीआर५च. जुनी डीडीआर४ रॅम त्यात बसत नाही. दोन्हींना पिना २८८च असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे बोर्ड मात्र दोन्ही प्रकारांत मिळतात, म्हणून बोर्डाचे पूर्ण नाव वाचूनच पैसे द्या.

ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि कूलरची उंची मिलिमीटरमध्ये पाहा, कॅबिनेटच्या माहितीपत्रकाशी ताडून घ्या. आरटीएक्स ४०६० कार्ड सुमारे ११५ वॅट वीज घेते. एनव्हिडिया त्यासाठी ५५० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवते. इथे काटकसर करू नका. हलका पॉवर सप्लाय बिघडला, तर इतर महागडे भागही धोक्यात येतात.

इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल, तर त्यात ग्राफिक्सची सोय नसते. वेगळे कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही. बोर्ड जुना आणि प्रोसेसर नवा असेल, तर बायोस अद्ययावत आहे का, हे दुकानातच विचारून घ्या.