पिलाची जगाशी ओळख

कुत्र्याच्या पिलाच्या आयुष्यात तिसऱ्या आठवड्यापासून साधारणतः बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा असतो की, त्या मुदतीत जी माणसे, जे आवाज व जे प्राणी त्याच्या परिचयाचे होतात, त्यांचे भय त्याला पुढे सहसा वाटत नाही. अमेरिकेत बार हार्बर येथे स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी केलेली यासंबंधीची दीर्घ निरीक्षणे १९६५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. अडचण इतकीच की, नेमक्या याच काळात आईकडून लाभलेली रोगप्रतिकारशक्ती ओसरू लागते, लसींचा क्रम सोळाव्या आठवड्यापर्यंत अपुराच असतो, आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या रोगाचा विषाणू तर मातीत महिनोन् महिने टिकतो. म्हणून पिलाला तोवर घरात कोंडून ठेवण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो मला अर्ध्याच शहाणपणाचा वाटतो. अशा नजरकैदेतून पुष्कळदा भित्रा, आणि भीतीपोटीच चावणारा कुत्रा निपजतो.

पहिली लस टोचून सात-दहा दिवस लोटले की, पशुवैद्याच्या संमतीने निरोगी पिलाला कडेवर घेऊन रहदारी दुरून दाखवावी, लसीकरण झालेल्या शांत कुत्र्याच्या घरी न्यावे. मात्र भटक्या कुत्र्यांचा वावर असलेल्या जागी जमिनीवर सोडू नये. त्याने कान पाडले, शेपूट पोटाखाली घेतले, तर अंतर वाढवावे; धीट व्हावे म्हणून पुढे ढकलणे हा निव्वळ अविचार होय. पाहुण्यांनीही त्याला उचलण्याची घाई न करता, खाऊ हातावर धरून त्याच्या येण्याची वाट पाहावी (हे घरातल्या मुलांना पटवणे पिलाला शिकवण्याहून कठीण!). फटाक्यांचे ध्वनिमुद्रण जेवणाच्या वेळी अगदी मंद लावून हळूहळू वाढवीत न्यावे, म्हणजे दिवाळीची पूर्वतयारी आपोआप होते.